जुन्या गाडीची टकटक आणि मिसिंग : आधी ऐका, मग पाना उचला

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा आपल्या जुन्या वस्त्यांत फिरलं, की एखाद्या फाटकाआड कव्हर घालून उभी असलेली मारुती ८००, झेन नाहीतर जुनी वॅगन आर हटकून दिसते. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. अशी गाडी वडिलांकडून, मामांकडून किंवा जुन्या बाजारातून हातात आली की दोन तक्रारी लवकरच समोर येतात. एक म्हणजे इंजिनातून येणारी टकटक आणि दुसरी मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न जळल्याने गाडीचं धक्के देत चालणं.

मग ठरलेला क्रम सुरू होतो. प्लग बदला, वायरी बदला, कॉइल बदला, तरी नाही गेलं तर ‘इंजिन खोलना पड़ेगा’. माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणीने बोट दाखवल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये. आवाज कधी येतो, कुठून येतो आणि कोणत्या लयीत येतो हे कळलं की निम्मं निदान झालेलं असतं, आणि ते कळायला मेकॅनिक असण्याची गरज नाही. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातलं सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, मग ती कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाची) असो, सुरुवातीच्या एमपीएफआयची (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीची) असो किंवा सीएनजी किट बसवलेली असो. डिझेलची गोष्ट वेगळी.

गाडी तिथल्या तिथे कधी थांबवायची

काही लक्षणांत तपासत बसायचं नसतं. चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, घर दोनशे मीटरवर असलं तरी. इंजिनाच्या खालच्या भागातून खोल, जड ‘ठक ठक’ येत असेल आणि अॅक्सिलरेटर दाबला की ती वाढत असेल, तर बेअरिंगची (इंजिनाचा मुख्य दांडा जिच्यात फिरतो तिची) शंका धरा आणि गाडी टो करून न्या. तापमानाचा काटा लालकडे सरकला, पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला, तरी तेच. एमपीएफआय गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मिसिंग जोरात चालू आहे असं समजा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो, आणि हजाराच्या आत संपणारं काम कित्येक हजारांवर जातं.

सामान आणि सावधगिरी

टॉर्च, जुनं सुती कापड, तुमच्या प्लगच्या मापाचा प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), अर्धा मीटर रबरी नळी, चिकटपट्टी आणि एक वही. छोटी ग्वालटोलीत स्पेअर पार्टच्या दुकानांत हे सगळं मिळतं. महाग स्कॅनर लगेच घ्यायला जाऊ नका. भारतात ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये सांगण्याची सोय, प्रदूषणाच्या बीएस-४ निकषांबरोबर, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आलं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी बाजारातला साधा स्कॅनर बोलतच नाही. तुमच्या गाडीशी बोलला तर उत्तमच: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरला न चिकटणारी, फिरती मिसिंग.

गाडी उघड्यावर काढा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करणं जीवघेणं आहे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. ओढणी, पदर, सैल बाह्या, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ हे सगळं बाजूला ठेवा. आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही आपणहून फिरू शकतो, म्हणून त्याच्या जाळीत बोट घालू नका.

पहिली पायरी : डिपस्टिक

टकटकीची तपासणी ऑइलपासूनच सुरू होते. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, काढा आणि पातळी बघा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर टकटकीचं कारण बहुतेक तिथेच आहे: इंजिनाच्या डोक्यापर्यंत, म्हणजे सिलिंडरचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या रॉकर आणि कॅमशाफ्टपर्यंत, ऑइल पुरेसं चढत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, खुणेच्या वर नाही, आणि एक दिवस गाडी चालवून पुन्हा ऐका.

ऑइलचा रंग काळा झाला म्हणून घाबरू नका, तो होतोच. बघायचं ते वेगळं. बोटाला घासून कण लागतात का, पेट्रोलचा वास येतो का (मिसिंग बराच काळ चालली तर कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं), आणि ते दुधाळ, चहासारखं दिसतं का. दुधाळ असेल तर कूलंट मिसळलं असण्याची शक्यता आहे. मग पुढे काही न करता हेड गॅस्केटकडे (इंजिनाचं डोकं आणि सिलिंडर यांच्या जोडातल्या पट्टीकडे) जायचं.

आवाज लपवायला जाडं ऑइल भरण्याचा सल्ला खूप मिळतो. ‘२०-५० डाल दो, चुप हो जाएगा.’ तो मानू नका. जाडं ऑइल थंड इंजिनाच्या पहिल्या सेकंदांत वरपर्यंत पोहोचायला उशीर करतं, आणि झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते. शिवाय आवाज हा आपला साक्षीदार आहे. निदान होईपर्यंत त्याचं तोंड बंद करू नका.

दुसरी पायरी : तीनदा ऐका

एकदा सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं स्टार्ट. दुसऱ्यांदा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता. तिसऱ्यांदा भार असताना. तिसऱ्यासाठी इंदूरात चांगली जागा म्हणजे एखाद्या ओव्हरब्रिजची चढण. ओंकारेश्वरला जाणं होत असेल तर परतताना सिमरोलच्या अलीकडची भेरूघाटाची चढण याहून चांगली परीक्षा घेते, कारण माळव्याच्या पठारावर चढताना इंजिनाला खरोखर जोर लावावा लागतो. काच खाली, रेडिओ बंद, आणि शेजारी बसलेल्याने ऐकून लिहायचं. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा.

इंजिन थंड असताना आवाज आणि गरम झाल्यावर शांत: तीन शक्यता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट गळतंय, कारण धातू तापून फुगला की फट बुजते. किंवा पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल आहे. किंवा ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) असतात त्यांत रात्रभरात ऑइल उतरून गेलं आहे, आणि तसं असेल तर टकटक काही सेकंदांत थांबते. थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर आवाज: ऑइल पातळ झाल्यावर दाब कमी पडतोय. हे लक्षण मी जास्त गंभीर मानतो. दोन्ही वेळी सारखाच आवाज येत असेल तर टॅपेटचा क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, वाढला असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

चढणीवर अॅक्सिलरेटर दाबल्यावर काचेच्या बांगड्यांसारखी खुळखुळ येते आणि पाय उचलताच जाते, तो टॅपेट नव्हेच. ते नॉकिंग: पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी किंवा भलत्या जागी पेटतंय. इग्निशन टायमिंग पुढे गेलेलं असतं किंवा पिस्टनवर कार्बन साठलेला असतो.

तिसरी पायरी : लय ओळखा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच सगळे गाळतात. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. आयडलवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँकवरची कोणतीही गोष्ट सेकंदाला तेरा वेळा वाजेल, आणि व्हॉल्व्हची कोणतीही गोष्ट साडेसहा वेळा. तबला ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल: व्हॉल्व्ह ठाय लयीत बोलतो, बेअरिंग दुगुनीत.

कानाने तेरा मोजता येत नाहीत, तेव्हा फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि पाव वेगाने वाजवा. साडेसहाचे दीड-पावणेदोन होतात, तेराचे सव्वातीन. घड्याळ समोर ठेवून दहा सेकंदांतले ठोके मोजता येतात. टॅकोमीटर नसेल तरी अडत नाही. सलग ठोक्यांचा ढोबळ अंदाज आला तरी आवाज वरच्या मजल्यावरचा की खालच्या, हे कळतं.

निम्म्या वेगाने वाजणाऱ्या गोष्टी म्हणजे टॅपेट, रॉकर, एका सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळती, सैल प्लगमधून सुटणारं कॉम्प्रेशन, आणि फुटक्या प्लग वायरीतून बॉडीवर उडी मारणारी ठिणगी. बहुतेक एमपीएफआय इंजिनांतले इंजेक्टरही याच लयीत बोलतात. क्रँकच्या वेगाने वाजणाऱ्या गोष्टी म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आणि पुलीजवळचं काहीतरी. यांपैकी कोणत्याच लयीत नसलेला, अधूनमधून येणारा आवाज बहुतेक वेळा सैल पत्र्याचा असतो: सायलेन्सरवरचं उष्णतारोधक कव्हर हाताने हलवून बघा, अर्थात सगळं थंड असताना.

चौथी पायरी : जागा शोधा

रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं इंजिनाजवळ फिरवा. बेल्ट आणि पंख्यापासून लांब. काही जण लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतात. त्यानेही उत्तम ऐकू येतं, पण नवख्याने नळीच वापरावी, कारण तिने डोळ्याला किंवा कानाला इजा होण्याची भीती नाही.

टॅपेट कव्हरवर स्पष्ट, कोरडी ‘टक टक’ म्हणजे व्हॉल्व्हचा क्लिअरन्स. मॅनिफोल्डजवळ ‘फच फच’ आणि जोडावर काजळीची काळी रेघ म्हणजे गॅस्केट. प्लगच्या बुडाशी तसाच आवाज आणि तेलकट काळपट डाग म्हणजे प्लग सैल. थंड इंजिनात नीट घट्ट केला की काम झालं. इंजेक्टरवर बारीक, हलकी, सतत ‘टिक टिक’ असते ती मात्र नैसर्गिक आहे. एमपीएफआय गाडी पहिल्यांदाच घेणारे याच आवाजाला घाबरून टॅपेट सेटिंग करून घेतात. सगळ्या इंजेक्टरांचा आवाज सारखा असेल तर त्याला हात लावू नका. एखादा गप्प असेल तर ती बातमी आहे. मिसिंगच्या वेळी ती कामी येईल.

आवाज बेल्टच्या बाजूने येत असेल तर इंजिन बंद करून बाहेरचा बेल्ट उतरवा आणि फक्त अर्धा मिनिट स्टार्ट करा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा बेल्टमध्ये आहे, इंजिनात नाही. पंप फिरत नसल्याने याहून जास्त वेळ चालवायचं नाही.

टॅपेट : वाजणारा आणि गप्प झालेला

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. ही फट मिलिमीटरच्या दशांशात असते, बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.३ च्या दरम्यान, आणि नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा, थंड इंजिनाचा आणि गरम इंजिनाचा वेगळा असतो हे ध्यानात ठेवून. ८०० सारख्या इंजिनात ती स्क्रू आणि लॉक नटने जुळवता येते.

काम असं. इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेट कव्हर उघडा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेनेच फिरवा. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असून रॉकर हाताला किंचित हलतात, तो कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे. तिथे फिलर गेजची पट्टी घाला. किंचित अडत सरकली तर फट बरोबर. सैल सरकली तर स्क्रू आवळा, शिरलीच नाही तर सोडा. लॉक नट कसताना स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा, आणि कसल्यावर पुन्हा मोजा, कारण नट कसताना माप हटकून बदलतं. मग पुढचा सिलिंडर. ८०० च्या तीन सिलिंडरांचा फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, चार सिलिंडरवाल्या झेनचा १-३-४-२. कव्हर लावताना गॅस्केट नवं टाका, नाहीतर तिथून गळणारं ऑइल डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना पाळीने वीज वाटणाऱ्या भागावर) आणि प्लगांवर उतरून नवी मिसिंग देतं.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. वाजणारा टॅपेट त्रासदायक असतो, पण अचानक शांत झालेला टॅपेट इंजिन बिघडवतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते, व्हॉल्व्ह आत आत बसतो आणि फट कमी होत होत शून्यावर येते. मग गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, त्याच्या कडेने जळते वायू सुटतात आणि कड जळते. आमच्या शेजारच्या काकूंची सीएनजी वॅगन आर सकाळी सुरळीत चालायची आणि पलासियाच्या सिग्नलवर गरम होऊन थरथरत बंद पडायची. प्लग, वायरी, कॉइल सगळं नवं टाकून झालं होतं. टॅपेटचा आवाज नाही म्हणून कव्हर कुणी उघडलंच नव्हतं. उघडल्यावर एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला पट्टी शिरेना. गॅसवर गाडी चालवत असाल तर आवाजाची वाट न बघता मॅन्युअलमधल्या अंतरावर, किंबहुना त्याच्या आधीच, फट मोजून घ्या.

मिसिंग : आधी कोणता सिलिंडर, मग का

मिसिंगचा शोध दोन प्रश्नांत विभागा आणि क्रम मोडू नका. ‘का’ पासून सुरुवात केली की माणूस दुकानात जातो.

गाडी आयडलवर ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी, थोड्या अंतरावर, कागदाची पट्टी धरा. हवेचे झोत सारखे येत असतील तर कागद एका लयीत फडफडतो. ठरावीक अंतराने एक ठोका गळत असेल तर एकच सिलिंडर दोषी आहे. ठोके वाटेल तसे गळत असतील तर कारण सगळ्यांचं सामाईक आहे: कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोलचा पुरवठा, कुठून तरी आत शिरणारी हवा. तीन सिलिंडरच्या ८०० मध्ये एक सिलिंडर मेला तर स्टिअरिंगपर्यंत सगळी गाडी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत तेवढं जाणवत नाही, म्हणून कागद कामी येतो.

मेलेला सिलिंडर ओळखायची रीत सोपी आहे. एक सिलिंडर मुद्दाम बंद करायचा आणि बघायचं. चालू इंजिनाची प्लग वायर हाताने ओढू नका. तिथे कित्येक हजार व्होल्ट असतात, आणि मोकळ्या वायरीने एमपीएफआय गाडीचं कॉइल किंवा ईसीएमही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) खराब होऊ शकतं. एमपीएफआयमध्ये इंजिन बंद करून एका इंजेक्टरचं कनेक्टर काढा, स्टार्ट करा, फरक लिहा, बंद करा, कनेक्टर परत लावा. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्यात जुना प्लग घालून त्याचा धातू इंजिनावर घट्ट टेकवून बांधा, मग स्टार्ट करा. तो प्लग कार्बोरेटरपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब बांधा. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर इंजिन आणखी लंगडं होतं तो चांगला. ज्याला बंद केल्याने काहीच फरक पडला नाही, तोच आधीपासून बसलेला आहे. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत आटपा.

याच चाचणीत टकटकीचाही एक धागा मिळतो. खालची जड ठकठक एखादा सिलिंडर बंद करताच मंदावली, तर त्या सिलिंडरची रॉड बेअरिंग गेली आहे.

ठिणगी

दोषी सिलिंडरचा प्लग काढा. वायरी काढण्याआधी चिकटपट्टीने त्यांच्यावर नंबर टाका. प्लगचं टोक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. ओलं आणि तेलकट म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये उतरतंय. पांढरं फटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकावर न पडता बाहेरूनच पळते आहे. तो प्लग टाकून द्या आणि बूट, म्हणजे वायरीच्या टोकाची रबरी टोपी, तीही तपासा. फट मोजा: कार्बोरेटरच्या ८०० ला ती साधारण ०.७ ते ०.८ मिमी लागते, एमपीएफआयच्या बऱ्याच गाड्यांना १ मिमीच्या आसपास.

पुढची युक्ती फुकट आहे आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे: अदलाबदल. दोन नंबरचा प्लग तीनला लावा. मिसिंग तीनवर गेली तर प्लग दोषी. नाही गेली तर प्लग मूळ जागी ठेवून वायरींचं तेच करा (लांबी पुरत असेल तर), मग स्वतंत्र कॉइल असतील तर त्यांचं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारूनही काय बिघडलं होतं ते कळत नाही.

जुलै-ऑगस्टच्या ओल्या सकाळी गाडी मिस मारते आणि दुपारी ठीक होते, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबून बघा. तडे गेलेल्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील, आणि ‘टिक टिक’ आवाजही तिथूनच येत असेल. टकटक आणि मिसिंग या दोन्हींचं मूळ एकच असण्याचं हे सगळ्यात नेहमीचं उदाहरण. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतली ओल, तडा, झिजलेला रोटरही बघा.

सीएनजीवाल्यांना एक जास्तीची चाचणी मिळते. गॅसवर मिसिंग येते आणि पेट्रोलवर जाते, तर इंजिन उघडायची घाई करू नका. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून कमजोर प्लग आणि वायरी आधी गॅसवर उघड्या पडतात. त्या ठीक निघाल्या तर किटच्या ट्यूनिंगकडे जा. किटच्या जोडण्या मात्र स्वतः सोडू नका.

पेट्रोल आणि हवा

आयडलवर मिसिंग, रेस केल्यावर ठीक: इनटेकच्या कुठल्या तरी जोडातून जास्तीची हवा शिरते, किंवा कार्बोरेटरच्या आयडल जेटमध्ये कचरा अडकलाय, किंवा वर सांगितलेला, फट मिटलेला टॅपेट. हवेसाठी रबरी नळीने ‘फुसफुस’ शोधा, आणि जोडांवर, वायरींपासून लांब, थोडं पाणी शिंपडा. इंजिनाचा सूर क्षणभर बदलला तर गळती सापडली. कार्बोरेटर स्प्रे मारून शोधतात, पण गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेऊ शकतो.

आयडलवर ठीक, चढणीवर धक्के: पेट्रोल फिल्टर, पंप किंवा भाराखाली हार मानणारं कॉइल. फिल्टर स्वस्त आहे आणि शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलायलाच हवा. वर मांडलेल्या नियमाला मी हा एकच अपवाद करतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. २० टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वायसर बनलेले नव्हते, म्हणून नळ्या कडक, चिकट किंवा तडकलेल्या आहेत का ते बोटांनी दाबून बघा. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी जुन्याच पेट्रोलवर मिस मारत असेल तर आधी टाकी रिकामी करा.

एक कागद बहुतेक लोक न वाचता डॅशबोर्डात टाकतात: पीयूसीची पावती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये छापलेलं असतं. हायड्रोकार्बन खूप वाढलंय पण मोनॉक्साइड फारसं नाही, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. मोनॉक्साइड चढलेलं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. जुनी पावती सापडली तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

शेवटी कॉम्प्रेशन

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर मेलेलाच, तर कॉम्प्रेशन मोजायचं. हे मिस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभं राहून. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद केलेलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत. आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे सगळ्यात महत्त्वाचं. १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दोष आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. सगळेच सारखे कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते आधी बघायचं.

मिस्त्रीशी बोलताना

‘आवाज करती है’ एवढंच सांगितलं तर अंदाजाने काम सुरू होतं. वही समोर ठेवून सांगा: ‘भिया, ठंडे में टक-टक है, गरम होने पर कम हो जाती है. दो नंबर का प्लग बंद करो तो कोई फर्क नहीं पड़ता. प्लग तीन में डालके देख लिया, मिसिंग वहीं की वहीं है.’ इंदूरात हाताला जाणती माणसं खूप आहेत. वाहन कारखान्यांचं पीथमपूर जवळ असल्याने इंजिनाची कामं शिकलेले कारागीर इथे बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि नीट माहिती मिळाली की ते नीट उत्तर देतात. ‘इंजिन खोलना पड़ेगा’ असं कुणी म्हटलं तर कॉम्प्रेशनचे आकडे मागा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. आणि काढलेलं ऑइल नालीत ओतू देऊ नका. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं पहिल्या नंबरावर आलेल्या शहरात ते शोभत नाही, आणि कॅनमध्ये भरून ठेवलं तर जुनं ऑइल घेणारे ते नेतात.

काम झाल्यावर पाचेकशे किलोमीटरनी पुन्हा एकदा सकाळचं थंड स्टार्ट ऐका, दोषी सिलिंडरचा प्लग काढून रंग बघा, डिपस्टिक तपासा, आणि तारीख व किलोमीटर टाकून वहीत त्याच पानावर लिहा.